मेली ती पिन!

परदेशी जाताना दर खेपेला तेच! लॅपटॉपच्या चार्जरवर मुंगीएवढ्या अक्षरांत १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ छापलेलं असतं, म्हणजे वीज कुठल्याही देशाची चालते. अडतं ते मेलं भोकापाशी. आमच्या मालवणात तीन गोल पिना, लंडनला तीन चौकोनी, अमेरिकेत चपट्या. अ‍ॅडॉप्टरची पिशवी आईने दिलेल्या सुकटीपेक्षा जड! बरं, लावला तरी चार्जरच्या ओझ्याने अर्धा बाहेर लोंबतो; मग त्याच्याखाली चपला रचा.

फोनचं तर विचारूच नका. इथलं सिम काढून तिथलं घातलं, की नेमका तेव्हाच बँकेचा ओटीपी जुन्या नंबरवर. आणि ते नखाएवढं सिम पाकिटात कुठे दडलंय, ते रामेश्वरालाच ठाऊक!

घरी परतलो, तर पावसात लाईटच गेलेली.