डिफरन्शियलचा रेशो ४.५६ ऐवजी ४.१० का बसवला: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुमच्या तक्रारी अशा: फक्त मागच्या डिफरन्शियलचं काम सांगितलं असताना आम्ही पुढचाही करायला लावला आणि बिल दुप्पट झालं, तुम्ही ४.५६ चा रेशो मागितला, आम्ही ४.१० बसवला, गाडी आठवडाभर अडकली, आणि एवढं करून मायलेज ११ वरच राहिलं, पूर्वी १२ मिळायचं. मोठे टायर टाकल्यावर गाडी ओढत नाही म्हणून आमच्याकडे कुर्ल्याला येणारे बरेच जण हे वाचतील, म्हणून जरा सविस्तर लिहितो. डिफरन्शियल म्हणजे इंजिनाची ताकद चाकांकडे वळवणारी, एक्सलमधली गिअरची जोडणी. तिचा रेशो म्हणजे चाकाच्या एका फेरीला इंजिनाकडून येणारा शाफ्ट किती फेऱ्या फिरतो तो आकडा. आकडा मोठा तितकी ओढ जास्त, पण त्याच वेगाला इंजिनही जास्त फिरतं.

कंपनीचे टायर २५५/६० आर १८ होते, त्यांची उंची सुमारे ७६३ मिलिमीटर. तुम्ही बाहेरून बसवून आणलेले २८५/७० आर १७, म्हणजे सुमारे ८३१ मिलिमीटर. फरक जवळपास ९ टक्क्यांचा. चाक एका फेरीत ९ टक्के जास्त अंतर तोडतं, तेव्हा इंजिनालाही त्याच हिशोबात जास्त जोर लावावा लागतो. तुमचा मूळ ३.७३ चा रेशो या टायरांवर ३.४३ असल्यासारखा वागत होता. डेकोरेशनचं सामान भरून खंडाळ्याचा घाट चढताना सारखा गिअर पाडावा लागणं, सायन-पनवेल हायवेच्या ट्रॅफिकमध्ये क्लचचा वास येणं, हे सगळं त्यातूनच आलं होतं.

चढाबद्दल सगळेच बोलतात, उताराबद्दल फार कमी लोक विचारतात. मला जास्त काळजी उताराची वाटते. कसाऱ्याला लोड घेऊन उतरताना गाडी इंजिनावर धरायची असते. रेशो असा सैल झाला, म्हणजे आकडा खाली आला, की इंजिन गाडीला कमी धरतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. टायर उंच झाल्यामुळे ब्रेकचं काम आधीच वाढलेलं असतं. म्हणूनच मी तुम्हाला आधी कंपनीच्या मापाचे टायर परत टाकायला सुचवलं होतं. मुरबाडच्या साइटवर पावसाळ्यात गाडीचं पोट घासतं, उंची हवीच, असं तुम्ही म्हणालात आणि ती अडचण खरी होती. मग रेशो बदलणं हाच मार्ग उरला.

आता ४.१० की ४.५६. ३.७३ ला टायरातल्या वाढीने गुणलं की ४.०६ येतं. त्याच्या जवळचा मिळणारा रेशो ४.१०. टॉप गिअरचा रेशो ०.८० धरून ताशी १०० किलोमीटरला हिशोब केला, तर मूळ टायर आणि ३.७३ वर इंजिन सुमारे २०७५ आरपीएमवर फिरत होतं. मोठ्या टायरांवर ३.७३ ठेवला तर १९०५, ४.१० ला २०९५ आणि ४.५६ ला २३३०. लोडखाली टायर थोडा दबतो, त्यामुळे रस्त्यावरचे आकडे याहून किंचित वर जातील, पण एकमेकांतला फरक तोच राहतो. तुमच्या फेऱ्या बहुतेक एक्सप्रेसवेवरच्या, लोणावळ्याच्या फार्महाउसांच्या. ४.५६ घातला असता तर सिग्नलवरून गाडी झटकन उचलली असती, पण पुढे तास-दीड तास इंजिन विनाकारण वरच्या आरपीएमवर ओरडत राहिलं असतं आणि डिझेलही जास्त गेलं असतं. शिवाय डिफरन्शियलमधल्या ४१ दातांच्या मोठ्या चाकाला, म्हणजे क्राऊनला, ४.१० मध्ये १० दातांचं पिनियन (त्याला फिरवणारं लहान चाक) लागतं आणि ४.५६ मध्ये ९ दातांचं. पिनियन जितकं लहान तितकं नाजूक. उद्या कोणी ३५ इंची टायर घेऊन आला आणि गाडी कायम भरलेली, घाटातली असेल, तर त्याला मी स्वतः ४.५६ सुचवेन. तुमच्या वापराला ४.१० च योग्य आहे, आणि या निर्णयावर मी आजही ठाम आहे.

पुढच्या एक्सलच्या खर्चाबद्दल. तुमची गाडी फोर व्हील ड्राइव्ह आहे आणि चिखलात तुम्ही ती फोरमध्ये टाकता. फोरमध्ये पुढचा आणि मागचा प्रॉपेलर शाफ्ट (डिफरन्शियलपर्यंत ताकद नेणारा दांडा) एकाच वेगाने फिरतो. मागे ४.१० आणि पुढे ३.७३ ठेवला असता, तर पुढची चाकं मागच्यांपेक्षा १० टक्के जोरात फिरायला बघतील. चिखलात चाकं घसरून हा ताण थोडा सुटतो. तिथून घट्ट रस्त्यावर येऊन फोर काढायला विसरलात, तर ट्रान्सफर केस (ताकद पुढे-मागे वाटणारा गिअरबॉक्स), शाफ्ट किंवा क्राऊन, यातलं काहीतरी जाणार. मुरबाडच्या आडरस्त्यात, गाडीत माणसं आणि सामान असताना. फक्त मागचा रेशो बदलून फोर व्हील ड्राइव्ह गाडी मी कोणालाही देत नाही, ग्राहक परत गेला तरी चालेल. तुमच्या मित्राचं काम मागच्याच एक्सलवर भागलं असं तुम्ही लिहिलंय. त्याची गाडी टू व्हील ड्राइव्ह असेल, तर ते बरोबरच आहे.

आठवडा लागला, कारण हे काम दोनदा करायचं होतं, पुढे आणि मागे. क्राऊन-पिनियन ही कारखान्यातच एकमेकांवर घासून जुळवलेली जोडी असते. शिम (पातळ चकत्या) घालून पिनियनची खोली बसवायची, बेअरिंगचा ताण बघायचा, डायल गेज लावून बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) मोजायचा, मग दातांना रंग लावून ठसा नीट मध्यावर पडतोय का ते पाहायचं. ठसा सरकला तर पुन्हा खोलायचं. घाई केलेला डिफरन्शियल थोड्याच दिवसांत गुणगुणायला लागतो.

मायलेजच्या आकड्याबद्दल एक गोष्ट तपासा. तुमच्या गाडीत स्पीडोमीटर चाकांच्या सेन्सरवर चालतो, त्यामुळे रेशो बदलला तरी त्याला टायरची वाढ कळत नाही. मीटर १०० किलोमीटर दाखवतो तेव्हा गाडी १०९ चाललेली असते. मीटरवरचं ११ म्हणजे प्रत्यक्षात १२ च्या आसपास. हाच फरक वेगातही आहे: काटा ८० वर असताना तुम्ही ८७ ने जात असता, तेव्हा कॅमेऱ्यांजवळ सांभाळा. जड, रुंद टायरांना मात्र थोडं जास्त डिझेल लागणारच, ते कुठल्याही रेशोने भरून निघत नाही.

पहिले ८०० किलोमीटर भारी लोड घेऊ नका आणि सलग लांब पळवू नका, हे बिलावर लिहून दिलं आहे. तेवढे झाले की गाडी घेऊन या. दोन्ही डिफरन्शियलचं ऑइल बदलायचं आहे, त्याचे पैसे बिलात आधीच धरलेत. त्याच वेळी नव्या टायरचं माप टाकून स्पीडोमीटर जुळवून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. सकाळी दहाच्या आत आलात तर दुपारपर्यंत गाडी मोकळी होईल.