ब्रिज म्हणे साहेबांचा खेळ! त्या फॉरवर्डला नाशिकहून उत्तर

"ब्रिज शिकायचा विचार करताय? आधी हे वाचा!" असा एक फॉरवर्ड सध्या फिरतोय, मला आत्तापर्यंत चार ग्रुपवर आला, त्यातल्या एका ग्रुपमध्ये मी का आहे तेच मला माहीत नाही. सहा मुद्दे आहेत. एक, हा श्रीमंत साहेबलोकांचा खेळ. दोन, शेवटी पत्तेच ते, म्हणजे नशीब आणि जुगार. तीन, बावन्न पानं लक्षात ठेवावी लागतात. चार, नुसती बोली (म्हणजे किती हात करणार ते आधी सांगायची पद्धत) शिकायलाच पाच वर्षं जातात. पाच, चाळिशीनंतर डोक्यात शिरत नाही. आणि सहा, जे खेळतात त्यांना म्हातारपणी विसरण्याचा आजार होत नाही.

मी दोन वर्षांपूर्वी, ४४ व्या वर्षी, आमच्या गंगापूर रोडच्या बिल्डिंगमधल्या खालच्या मजल्यावरच्या काकांकडे शिकायला लागले. एक्स्पर्ट वगैरे अजिबात नाही, अजून दर गुरुवारी बोलणी खाते. पण हा फॉरवर्ड वाचून माझ्या नणंदेने "मग नको बाई" म्हणून येणंच रद्द केलं तेव्हा मात्र राहवलं नाही, म्हणून हे.

साहेबांचा खेळ, यात थोडं तथ्य आहे. आज जे कॉन्ट्रॅक्ट ब्रिज खेळतात त्याचे नियम १९२५ साली हॅरॉल्ड व्हँडरबिल्टने बोटीवरच्या प्रवासात बसवले आणि हे व्हँडरबिल्ट म्हणजे रेल्वेच्या पैशावर गडगंज झालेलं अमेरिकन घराणं. बरं मग? क्रिकेट काय आपल्या खळ्यावर जन्मलं होतं का? सामान काय लागतं ते बघा ना, एक कॅट आणि चार माणसं, बस्स. माझा मामा कित्येक वर्षं पंचवटी एक्सप्रेसने नाशिकरोड ते मुंबई अपडाऊन करायचा, पासवाल्यांच्या डब्यात चौघांच्या गुडघ्यांवर एक ब्रीफकेस आडवी टाकून यांचा मेंढीकोट चालू, कसारा घाट कधी आला कळायचं नाही. आता मेंढीकोट म्हणजे काय? चौघं, समोरासमोर भिडू, प्रत्येकाला तेरा पानं, पडलेल्या रंगाचं पान द्यायचं, नसेल तर हुकमाने मारायचं. ब्रिजमध्ये पानं खेळायची पद्धत अगदी हीच आहे हो! फरक एवढाच की दश्श्या गोळा करायच्या नाहीत, हात मोजायचे, आणि किती हात करणार ते आधी बोलून दाखवायचं. मेंढीकोट येणाऱ्या माणसाला अर्धा ब्रिज येतोच, त्याला ते कोणी सांगितलेलं नसतं इतकंच.

नशीब आणि जुगार. घरी चौघं बसलो की पानं चांगली येण्यात नशीब आहे, नाही कशाला म्हणू. पण स्पर्धेत काय करतात तर एकदा वाटलेली पानं तशीच्या तशी पाकिटात घालून टेबलाटेबलावर फिरवतात, म्हणजे मला जी फुटकी पानं आली तीच पलीकडच्या टेबलावर माझ्या जागी बसलेल्यालाही येणार, आणि मार्क मिळतात ते त्याच्यापेक्षा तुम्ही काय बरं केलं त्याचे. याला डुप्लिकेट ब्रिज म्हणतात. २०१८ च्या एशियन गेम्समध्ये जकार्त्याला प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार या आपल्या जोडीने गोल्ड आणलं, एक ६० वर्षांचे, दुसरे ५६. नशिबावर कोणी गोल्ड देत नाही. आणि जुगाराचंच म्हणाल तर सुप्रीम कोर्टाने १९६७ साली रमीच्या केसमध्ये निकाल दिला तेव्हा रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे हे सांगताना दाखला ब्रिजचाच दिला होता, की पानं वाटण्यात जेवढं नशीब ब्रिजमध्ये असतं त्याच जातीचं रमीत आहे, तीन पत्तीसारखं नाही. पैसे लावून खेळणं हा वेगळा विषय, आमच्याकडे हरणारी जोडी चहा करते.

बावन्न पानं लक्षात ठेवायचं. नाही हो! मला कालची भाजी आठवत नाही. सुरुवातीला मोजायचा फक्त हुकूम. समजा माझ्याकडे आणि डमीत, म्हणजे भिडूने उघड्या मांडलेल्या पानांत, मिळून आठ बदाम आहेत, तर समोरच्या जोडीकडे पाच. ते पाच बहुतेक वेळा तीन-दोन असे वाटलेले असतात, शंभरात ६८ वेळा, म्हणजे तीनदा हुकूम खेळला की संपला. पाचपर्यंत मोजायचंय, त्याला कसली मेमरी? मी पहिल्याच महिन्यात हे न करता ऐटीत चौकटचा एक्का वाजवायला गेले आणि डावीकडच्या काकूंनी तो बदाम दुर्रीने मारला. काका काही बोलले नाहीत, फक्त चष्मा काढून पुसला. त्यानंतर हुकूम काढायला मी विसरलेले नाही. (डमी म्हणजे काय तर डाव खेळणाऱ्याचा भिडू आपली सगळी पानं टेबलावर उघडी मांडतो आणि गप्प बसतो. पहिल्या दिवशी काकांनी पानं उघडी टाकली तेव्हा मी "अहो काका, दिसतायत सगळ्यांना!" म्हणून ओरडले होते.)

आता चौथा मुद्दा, बोली. लोक घाबरतात ते इथेच, आणि फॉरवर्डवाल्याने घोळही इथेच घातलाय. त्याचं म्हणणं की जगभरात बोलीच्या शेकडो सिस्टिम आहेत, त्या पाठ केल्याशिवाय बसता येत नाही. सिस्टिम भरपूर आहेत हे खरंय, पण मराठी बोलायला लागण्याआधी कोणी वऱ्हाडी, मालवणी आणि अहिराणी पाठ करतं का? ब्रिजच्या बोलीत एकूण शब्दच ३८. एक ते सात आकडे, प्रत्येकाला किलवर, चौकट, बदाम, इस्पिक आणि नो-ट्रम्प म्हणजे बिनहुकमी, झाले ३५, वर पास, डबल, रिडबल. आकड्यात सहा मिळवायचे की किती हात करणार ते कळतं, "एक बदाम" म्हणजे सात हात आणि बदाम हुकूम. पानांना पॉइंट असतात, एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १, सगळ्या कॅटमध्ये मिळून ४०. बारा-तेरा पॉइंट असले की तोंड उघडायचं. दोघांचे मिळून पंचवीसच्या आसपास होत असतील तर मोठा डाव बोलायचा, म्हणजे बदाम-इस्पिकात चार, नो-ट्रम्पमध्ये तीन, कारण तिथे शंभर मार्कांचा टप्पा गाठला जातो आणि बोनस मिळतो. किलवर-चौकटला त्यासाठी पाच बोलावं लागतं, म्हणून शक्यतो तिकडे जायचं नाही. एवढ्यावर मी सहा महिने काढले. माझ्याकडे १५ पॉइंट आणि पाच बदाम, मी "एक बदाम" म्हटलं, काका "तीन बदाम" म्हणाले म्हणजे त्यांनाही बदाम आवडलाय आणि त्यांच्याकडे दहा ते बारा पॉइंट आहेत, पंधरा आणि दहा पंचवीस, "चार बदाम". संपली बोली. यात पाच वर्षं कुठे जातात?

आणि बोली नकोच असेल तर तीही सोय आहे, मिनीब्रिज म्हणतात त्याला, शिकवायला हेच वापरतात. चौघांनी आपापले पॉइंट मोठ्याने सांगायचे, ज्या जोडीचे जास्त ती खेळणार, त्या जोडीत ज्याचे जास्त तो डाव खेळणार, भिडूने पानं मांडायची, ती बघून हुकूम ठरवायचा आणि मोठा डाव घ्यायचा की छोटा तेही. काकांनी आम्हाला पहिले दोन महिने हेच खेळवलं आणि मला वाटतं खरी युक्ती तीच आहे, आधी पानं खेळायला शिका, बोली मागाहून. पुस्तक उघडून आधी बोलीची पानं पाठ करायला घेतली की माणूस आठवड्यात कॅट कपाटात टाकतो. फिनेस नावाची चाल मला मिनीब्रिजमध्येच कळली: डमीत एक्का-राणी आहे, राजा कुठे आहे माहीत नाही, तर आपल्या हातून त्या रंगाचं छोटं पान खेळायचं, डावीकडच्याने छोटं टाकलं की डमीची राणी लावायची. राजा डावीकडे असेल तर राणीचा हात होतो, उजवीकडे असेल तर गेला, निम्म्याला निम्मी शक्यता. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी रात्री नवऱ्याला उठवून सांगितलं, त्याला काही कळलं नाही.

पाचवा आणि सहावा मुद्दा एकत्रच घेते कारण ते एकमेकांशी भांडतायत. चाळिशीनंतर शिकता येत नाही आणि खेळलात तर म्हातारपणी विसरत नाही, मग काय तिसरीत असताना शिकून ठेवायचं होतं का? शिकता येतं, आमच्यातल्या एक काकू ६७ ला शिकल्या, आज माझ्यापेक्षा बरं खेळतात. आजाराचं म्हणाल तर पत्ते, वाचन, बुद्धिबळ असलं काही करणाऱ्या वयस्कर लोकांत हा आजार कमी दिसतो असं अभ्यासांत आढळलंय, पण त्यामुळेच टळतो असं त्यातून सिद्ध होत नाही, ज्यांचं डोकं आधीपासून तल्लख ते अशा खेळांकडे जास्त वळत असतील असंही असू शकतं. औषध म्हणून ब्रिज खेळू नका.

उलट ज्या दोन अडचणी खऱ्या आहेत त्या फॉरवर्डमध्ये नाहीतच. एक म्हणजे भिडूचा राग. १९२९ मध्ये अमेरिकेत कॅन्सस सिटीला ब्रिजचा डाव बुडाल्यावर झालेल्या भांडणात एका बाईने नवऱ्याला गोळी घातली होती, आणि पुढे ती निर्दोष सुटली! आमच्याकडे नियम आहे की नवरा-बायको एका जोडीत बसायचे नाहीत आणि चूक डाव संपल्यावरच सांगायची, काका तो पाळत नाहीत ही गोष्ट वेगळी. दुसरी अडचण चौथ्या माणसाची. पावसाळ्यात कोणाचं ना कोणाचं राहतंच. ऑनलाइन कॉम्प्युटरच्या भिडूबरोबर फुकट खेळता येतं, सरावाला ते उत्तम, तो चिडतही नाही. आणि तिघंच जमलो तर आम्ही चौथी तेरा पानं डमी म्हणून उघडी मांडतो आणि सुरू करतो. सध्या ती नणंदेची जागा आहे.