ट्रॅक्टरवरच्या चिपरच्या दोन स्टारवाल्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब, दुकानाचा मालक स्वतः लिहितोय. तुम्ही लिहिलंय की कर्जतच्या फार्महाऊससाठी आमच्याकडून घेतलेला ट्रॅक्टरवर चालणारा चिपर, म्हणजे फांद्यांचे बारीक तुकडे करणारं मशीन, 4 इंची सांगून विकला पण अडीच इंचाच्या आंब्याच्या फांदीलाच बसतो, बेल्ट जळल्याचा वास येतो, नारळाच्या झावळ्या आत गुंडाळून बसतात, बोल्ट सारखा तुटतो आणि पैसे परत मागितले तर टोलवाटोलवी. हे वाचून उद्या दुसरा कोणी मशीन घ्यायचं की नाही ठरवणार, म्हणून इथेच लिहितो, थोडं लांबेल.

4 इंच हे तोंडाचं माप आहे, म्हणजे जास्तीत जास्त एवढी जाड फांदी आत शिरेल. कापायची ताकद ट्रॅक्टरच्या पीटीओची (ट्रॅक्टरच्या मागचा फिरणारा दांडा, मशीन त्याला जोडतात), या चिपरला स्वतःचं इंजिन नसतंच. कंपन्या तो आकडा ठळक छापतात, मला हा प्रकार बिलकुल आवडत नाही, म्हणून तुमच्या कोटेशनवर 18 एचपी ट्रॅक्टर, ओली फांदी 3 इंचापर्यंत असं पेनाने लिहून दिलं होतं, कागद काढून बघा. आमचा ढोबळ हिशोब इंचाला 5 ते 6 एचपी, ते पण पीटीओचे, आणि इंजिनचे सगळे एचपी पीटीओपर्यंत पोचत नाहीत, 18 चे 15 च्या आसपास धरायचे. 4 इंच सुकलेला आंबा नाहीतर चिंच रोज घालायची तर 25-30 एचपीचा ट्रॅक्टर पाहिजे, आणि नुसत्या फांद्यांसाठी तेवढा ट्रॅक्टर घ्या असं मी कोणालाच सांगणार नाही.

पण अडीच इंच ओली फांदी जायलाच पाहिजे, तिथे तुमचं म्हणणं बरोबर. म्हणून तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवलेला व्हिडिओ नीट थांबवून थांबवून बघितला. ट्रॅक्टरच्या मीटरवर 540 ची खूण आहे आणि काटा तिच्या पार खाली आहे. तुमचा गडी डिझेल वाचवायला रेस कमी ठेवतोय. पीटीओ मिनिटाला 540 फिरला तरच आतली जड चकती स्पीडला येते, आणि फांदी खरं तर त्या चकतीच्या जोरावरच कापली जाते. हळू फिरली की फांदी पातीवर नुसती धडधडते, चकती अडते, खालची पुली मात्र फिरतच राहते, मग बेल्ट घसरणार नाही तर काय, तोच तुमचा जळका वास. बेल्टचं कव्हर उघडलं तर काळी पूड सापडेल. त्यात नवीन बेल्ट पहिल्या काही तासांत सैल पडतो, परत ताणून घ्यावा लागतो, ते डिलिव्हरीला गड्याला दाखवलं होतं, पण तुम्ही मुंबईत आणि मशीन त्याच्या हातात, सगळ्याच फार्महाऊसवाल्यांचं हे असंच असतं.

पद्धत साधी आहे, पीटीओ कमी रेसवर जोडायचा, हळूहळू रेस वाढवून काटा खुणेवर आणायचा, आवाज एकसारखा झाला की मगच फांदी, जाड बाजू आधी. आवाज पडला की फांदी घालणं थांबवायचं, चकतीला दम घेऊ द्यायचा. मातीने भरलेली मुळं घालू नका, पाती लगेच बोथट होतात, आणि चिप्सच्या जागी भुसा पडायला लागला की पाती उलटवायची वेळ झाली. आणि ज्या झाडांवर लायटिंगसाठी खिळे ठोकलेत त्यांच्या फांद्या तर आधी नीट बघूनच घाला (पार्टी तुमची, पाती आमची!).

झावळ्यांचं तुम्ही विचारलं असतं तर घेतानाच नाही म्हटलं असतं. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात रायगडातल्या वाड्या आडव्या झाल्या तेव्हापासून आमच्याकडे चिपरची विचारणा वाढली आणि जवळजवळ प्रत्येक जण झावळ्यांचं विचारतोच. लांब धाग्याचा माल आहे तो, कापला न जाता शाफ्टभोवती गुंडाळतो. त्याला हातोड्यावाला श्रेडर लागतो. तो घ्यायचा नसेल तर हीर काढून खराटे करा, देठ कोयत्याने तोडून तुकडे चिपरला द्या, बाकी माडाच्या बुंध्याशी पसरा, कुजून जाईल.

आता बोल्ट. तो तुटण्यासाठीच मऊ असतो, आत काही अडकलं की बोल्ट जातो आणि गिअरबॉक्स वाचतो. रिव्ह्यूसोबतच्या फोटोत बोल्टच्या डोक्यावर 8.8 स्पष्ट वाचता येतंय, म्हणजे कोणीतरी हार्डवेअरमधून हाय टेन्साइल, म्हणजे कडक बोल्ट आणून ठोकलाय. तो तुटणार नाही, पुढचं काहीतरी महागाचं तुटेल आणि ते वॉरंटीत बसणार नाही.

पैशांचं बोलायचं तर वापरलेलं मशीन परत घेत नाही हे बिलावर छापलंय. तरी एक करतो, पुढच्या आठवड्यात मेकॅनिक कर्जतला पाठवतो, येण्याजाण्याचा चार्ज नाही, बेल्ट वॉरंटीत नाही तरी नवीन बसवून देईल. तुम्ही स्वतः हजर राहा, रविवार चालेल. काटा 540 वर ठेवून तुमच्या समोर अडीच इंचाची ओली फांदी गेली नाही तर मशीन मी उचलून आणतो, पूर्ण पैसे परत, हे इथे सगळ्यांसमोर लिहून देतोय. झावळी घालून टेस्ट करणार नाही.

आणि तोपर्यंत कृपा करून मशीन चालवू नका. त्याच फोटोत पीटीओ शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर काढून बाजूला टाकलेलं दिसतंय आणि गडी गळ्यात गमछा लटकवून शाफ्टला अगदी चिकटून उभा आहे. गमछ्याचं एक टोक अडकलं तर हात मारून ट्रॅक्टर बंद करायला पण वेळ मिळत नाही. अडकलेली फांदी काढायला हॉपरमध्ये, म्हणजे फांदी घालायच्या तोंडात, हात घालतो का तेही त्याला विचारा, पीटीओ बंद केल्यावर पण चकती बराच वेळ फिरत राहते, ती पूर्ण थांबून चावी खिशात आल्याशिवाय कोणी जवळ जायचं नाही. कव्हर हरवलं असेल तर आजच दुकानात फोन करा, मेकॅनिकसोबत पाठवतो.