कुलकर्णी या नावात आधी कूळ येतं

परवा एका लग्नाच्या पंक्तीत शेजारचे गृहस्थ ठासून सांगत होते, की कुलकर्णी म्हणजे कुळाचं नाव राखणारे, खानदानी लोक. जेवताना वाद नको म्हणून गप्प बसलो. पण राहवत नाही, म्हणून इथे लिहितो.

या नावातलं कूळ घराण्याचं नाही. इथे कूळ म्हणजे जमीन कसणारा आणि तिचा सारा भरणारा. 1948 च्या कूळकायद्यातलं कूळही कसणाराच. महात्मा फुल्यांनी शिवाजीराजांना 'कुळवाडीभूषण' म्हटलं, त्यातला कुळवाडी म्हणजे शेतकरी. आणि 'करण' म्हणजे लिखापढी, हिशेब, दप्तर. तेलुगू मुलखात गावाचे हिशेब लिहिणारा तो 'कर्णम', ओडिशात लेखनिकांची जातच 'करण'. कुळांचा हिशेब लिहिणारा तो कुळकरणी. या जुन्या रूपात अर्थ उघडाच आहे. कोणाकडे जमीन किती, तिच्यावर सारा किती, आला किती, बाकी किती, हे सगळं त्याच्या दप्तरात. गावचा मुख्य पाटील, वसुलीचा भार त्याच्यावर. कागद मात्र कुळकरण्याच्या हातात.

मला या शब्दाचं फार अप्रूप वाटतं. पदाच्या नावात आधी शेतकरी आणि मग त्याचा हिशेब लिहिणारा!

नाव असं असलं तरी व्यवहार तसा राहिला नाही, हेही मांडलंच पाहिजे. वतन वंशपरंपरेचं, रयत निरक्षर, आणि कागदावर काय चढवलंय ते वाचून दाखवणारं गावात दुसरं कोणी नाही. फुल्यांनी कुळकर्ण्यांवर ओढलेले कोरडे अगदी रास्त होते. शाहू महाराजांनी 1918 मध्ये कोल्हापूर संस्थानातली कुलकर्णी वतनं रद्द करून पगारी तलाठी नेमले. पुढे मुंबई राज्यानेही 1950 च्या कायद्याने ही वतनं संपवली. फार चांगलं झालं.

आता 2024 मध्ये तलाठ्याचं पदनाम 'ग्राम महसूल अधिकारी' झालं. महसूल हा अरबी शब्द, हाती आलेलं उत्पन्न अशा अर्थाचा. तहसीलही त्याच धातूतून आलेला, म्हणजे वसुली. नव्या नावात गाव आहे, पैसा आहे, अधिकार आहे. ज्याच्या सातबाऱ्यावर नोंदी करायच्या, तो कसणारा कुठेच नाही. त्या कर्मचाऱ्यांना मान मिळावा, कामाचा बोजा त्यांच्यावर खरोखरच मोठा आहे. पण शब्दातून माणूस गेला, याची मला मनापासून हळहळ वाटते.

कुलकर्णी आडनावाच्या मित्रांना एक विनंती. गावच्या घरी माळ्यावर मोडीतली जुनी दप्तरं असतील, तर रद्दीत घालू नका. मोडी वाचणारा गाठा आणि ती वाचून घ्या. त्यात गावातल्या कुळांची नावं सापडतील. त्यांचे नातू-पणतू अजून तिथेच शेती करत असतील, त्यांनाही ती दाखवा.