नखाने सपाट केलेली वेष्टनं
मुलं च्युइंगगमच्या वेष्टनांची कशी अदलाबदल करायची, यावरचा एक लेख वाचला आणि माझी जुनी वही आठवली. वेष्टन नखाने घासून सपाट करायचं, पानांमध्ये दाबायचं. मेणकागदाच्या घड्यांत पिठीसाखर अडकलेली असायची, वही उघडली की गोड वास यायचा. वेष्टनावरचं दुहेरी निघालेलं चित्र देऊन हवं ते मिळवायचं. कोपरा फाटला की भाव उतरलाच! एका दुर्मिळ चित्रासाठी मी तीन दिली होती, आजही तो सौदा मला योग्यच वाटतो.

वेष्टनांच्या घड्या एकमेकींत अडकवून साखळीही करत असू. गॅरी डशल नावाच्या गृहस्थांनी १९६५ मध्ये सुरू केलेली अशीच साखळी पुढे गिनीज बुकात गेली. माझी खिडकीएवढीच झाली होती. ती जपायला हवी होती.