अल्ट्रासाउंडने मणक्याची गादी भरत नाही

फॅमिली ग्रुपवर तो मेसेज परत फिरतोय. कंबरेवर जेल लावून मशीनचं हेड गोल गोल फिरवतायत असा व्हिडिओ, आणि खाली लिहिलंय की ‘अल्ट्रासाउंडच्या लहरी थेट झिजलेल्या गादीपर्यंत जातात, आतली सूज उतरवतात, दहा सिटिंगमध्ये गादी पुन्हा भरते, साइड इफेक्ट शून्य’. मी फिजिओ आहे, हे मशीन मी वापरलंय, म्हणून एकेक घेते.

‘थेट गादीपर्यंत जातात.’ कशा? मशीनवर साधारण दोन सेटिंग असतात, 1 मेगाहर्ट्झ आणि 3 मेगाहर्ट्झ. त्यातली खोल जाते ती 1 वाली, आणि तीसुद्धा 3 ते 5 सेंटीमीटरच्या पुढे फारशी उरत नाही. आता कंबरेतली गादी कुठे असते बघा, आधी कातडी, चरबी, मग पाठीचे जाडजूड स्नायू, मग मणक्याचं मागचं हाड, त्याच्या आत नसांची नळी आणि त्याच्याही पुढे गादी. हाड तर ही लहर काही मिलिमीटरमध्येच गिळून टाकतं! दोन मणक्यांमधल्या फटीतून थोडीफार घुसली असं धरलं तरी तिथे पोचेपर्यंत तिच्यात दम काय राहणार. गादी सरकल्याचा संशय आला की डॉक्टर पाठीवरून सोनोग्राफी न करता एमआरआय काढायला का लावतात, त्यामागेही हेच हाड आहे. आणि जेल हे औषध नाहीये बरं का, हेड आणि कातडीमध्ये हवा राहिली तर लहर तिथूनच परत फिरते, म्हणून ते लावायचं.

‘सूज उतरवतात.’ इथे थोडं खरं आहे म्हणूनच लोक फसतात. झिजलेल्या गादीत टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-1 असली सूज वाढवणारी प्रथिनं वाढलेली सापडतात, आणि लॅबमध्ये गादीच्या पेशींवर मंद, तुटक अल्ट्रासाउंडचे प्रयोग झालेत, काही रिझल्ट आशा वाटावी असे आहेत. पण डिशमधल्या पेशींवर ना चरबी असते ना हाड. आणि ती सूज दाबली की दुखणं गेलं इतकं सोपं असतं तर फिनलंडमध्ये सायटिकाच्या, म्हणजे कंबरेतून पायात कळ जाणाऱ्या, पेशंटना टीएनएफ अडवणारं इन्फ्लिक्सिमॅब थेट शिरेतून दिलं तेव्हा कमाल दिसायला हवी होती, पण ट्रायलमध्ये खोट्या औषधापेक्षा फरक निघाला नाही. शिवाय गादीचा जो तुकडा बाहेर आलेला असतो तो पुष्कळ जणांत शरीर स्वतःच हळूहळू खाऊन टाकतं, आणि ते काम करणाऱ्या पेशी त्या सुजेबरोबरच येतात. म्हणजे सूज नुसती व्हिलन नाहीये.

‘गादी भरते.’ नाही भरत. मोठ्या माणसाच्या गादीच्या आतल्या भागात रक्तवाहिन्याच नसतात, झीज भरून निघणं तिथे जवळपास होतच नाही. पण गंमत अशी की ती भरायची गरजही बहुतेकांना नसते, कारण काहीही न दुखणाऱ्या लोकांचे स्कॅन बघितले तर विशीतल्या 37 टक्के आणि ऐंशीतल्या 96 टक्के लोकांत गाद्या झिजलेल्या दिसतात. ‘मणक्यात गॅप’ ऐकून घाबरण्याआधी हा आकडा वाचा.

‘आमच्या काकांना फरक पडला.’ पडला असेल की. थोडी ऊब मिळते, कोणीतरी शांतपणे पाठीवर हात फिरवतं, आणि कंबरदुखी बरेचदा आपोआपही उतरते. पण मशीनचा स्वतःचा वाटा किती, हे बघायला बंद मशीन फिरवून तुलना करावी लागते. असे अभ्यास एकत्र करून कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने 2020 मध्ये सांगितलं की जुनाट कंबरदुखीत याचा वापर करावा असा भक्कम पुरावा नाही. इंग्लंडमध्ये उपचारांच्या सूचना ठरवणाऱ्या नाइस या सरकारी संस्थेने तर 2016 मध्येच सरळ लिहिलं, कंबरदुखी असो की सायटिका, अल्ट्रासाउंड देऊ नका. आपल्याकडे मात्र ‘नुसता व्यायाम सांगितला, मशीन लावलंच नाही’ म्हणून पेशंट नाराज होतात, त्याला काय करणार.

‘साइड इफेक्ट शून्य.’ हेड एकाच जागी धरलं तर हाडावरचं आवरण तापून चांगलंच दुखतं. गरोदरपणी पोटा-कंबरेवर, कॅन्सरच्या जागी, आणि ऑपरेशनमध्ये मणक्याचं मागचं हाड काढलेलं असेल तिथे हे फिरवायचं नसतं. आणि पायातली ताकद कमी होत असेल, बसायच्या जागी बधिरपणा आला असेल किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटत असेल तर कसलं सिटिंग नि काय, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.