सिंह राहिला बाजूला

आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडच्या देशांत गाडीने फिरून आलो असे सांगितले की समोरचा माणूस पहिला प्रश्न सिंहाचा विचारतो आणि दुसरा हत्तीचा. सिंह आम्ही पाहिला. तो झोपला होता आणि आम्ही कंटाळून निघून जाईपर्यंत झोपूनच राहिला. त्याने आम्हाला कसलाही उपद्रव दिला नाही. जोहान्सबर्गहून निघून, बोट्सवाना ओलांडून नामिबियात शिरेपर्यंत ज्या प्राण्याने आमची वाट अडवली, आमचे सामान रस्त्यावर उपसायला लावले, यजमानांच्या चपला भिजवल्या आणि नवराबायकोत वेळोवेळी अबोला आणला, तो प्राणी म्हणजे गाय. सहलींच्या गुळगुळीत पुस्तिकांमध्ये तिचा फोटो कधीच नसतो.

बोट्सवानातले हमरस्ते उत्तम आहेत. ते इतके सरळ आहेत की ताशी १२० किलोमीटरच्या वेगाने जातानाही आपण जागच्या जागी उभे आहोत असा भास होतो, आणि नेमक्या त्याच वेळी समोर गाय येते. ती आडवी येते, थांबते आणि विचार करू लागते. तिच्या मागोमाग गाढवे येतात, पण ती विचार करण्याच्याही भानगडीत पडत नाहीत. अंधार पडल्यावर गाडी चालवू नका, असे आम्हाला गाडी भाड्याने देणाऱ्यापासून पेट्रोल भरणाऱ्यापर्यंत सगळ्यांनी बजावले होते आणि कारण प्रत्येकाने गाय हेच सांगितले होते. त्यामुळे आमच्यात कामाची वाटणी झाली: यजमानांनी गाडी चालवायची आणि मी गायींवर नजर ठेवायची. मी “गाय!” म्हणून ओरडायचे, ते “कुठे?” म्हणून विचारायचे, आणि एवढ्यात ती गाय मागे पडलेली असायची. पुढेपुढे माझ्या कामातल्या चुका काढल्या जाऊ लागल्या. “अगं, ते गाढव होतं,” असे त्यांनी एकदा ज्या स्वरात सांगितले, त्यानंतर मी घान्झीच्या अलीकडे बराच वेळ एकही जनावर जाहीर केले नाही.

खरी परीक्षा त्याआधीच झाली होती. माउनहून घान्झीकडे येताना कुके नावाचे फाटक लागते. तेथे ना गाव आहे ना नदी. क्षितिजापासून क्षितिजापर्यंत गेलेले तारांचे कुंपण आणि त्यातले हे फाटक, इतकेच. ओकावांगोच्या त्रिभुज प्रदेशातल्या रानम्हशींच्या अंगात लाळ्या खुरकुताचे विषाणू असतात, आणि ते दक्षिणेकडच्या गायींपर्यंत पोहोचू नयेत म्हणून उत्तरेकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीची येथे झडती होते. झडती घेणाऱ्या बाईंना यजमानांनी घाईघाईने “काही नाही, काही नाही, जाऊ द्या” असे सांगून पाहिले. बाईंनी त्यांच्याकडे शांतपणे पाहिले आणि “दुमेला, रा,” असे म्हणाल्या. बोट्सवानात आधी नमस्कार होतो, मग काम. आम्ही दोघांनी रीतसर “दुमेला, मा” म्हटले, तेव्हा कुठे चौकशी सुरू झाली.

“मांस आहे?”

“नाही.”

“वाळवलेलं?”

“नाही. आम्ही खात नाही.”

बाईंनी थंड पेटीचे झाकण उघडले. गोमांसाच्या व्यापारावर ज्या देशाने हिरे सापडण्याआधीचे दिवस काढले, तेथे रिकामी नसलेली आणि तरीही मांस नसलेली थंड पेटी ही गोष्टच मुळी संशयास्पद होती. आत काकड्या होत्या, लिंबे होती आणि एका डब्यात मेतकूट होते. तो डबा बाईंनी उघडला, हुंगला, सहकाऱ्याला हुंगायला दिला, आणि दोघांनी आपसात सेत्स्वाना भाषेत काही सल्लामसलत केली. मग त्यांनी विचारले, “हे जनावरांचं औषध आहे का?” आम्ही ते भातावर घालून खातो असे मी सांगितल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जी करुणा उमटली, ती मला पचायला जड गेली.

मांसाचे प्रकरण मिटले आणि पादत्राणांचे उद्भवले. औषधी पाण्यात भिजवलेल्या जाड पोत्यावर उभे राहून जोड्यांचे तळवे ओले करायचे, एवढेच असेल असे आम्हाला वाटले होते. पण पायातल्याच नव्हे, तर पिशवीतल्याही सगळ्या वहाणा बाहेर काढायच्या असतात. यजमानांनी सामानाच्या तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळून, कोल्हापुरी चपलांचा नवा जोड आणला होता. कापशी टाच, लाल गोंडा आणि चालताना होणारा तो करकर आवाज, असा सगळा सरंजाम होता. पोत्यावर त्या ठेवताना त्यांचा हात जड झाला होता. मी मात्र हसले, आणि ते हसू मला पुढचे शंभर किलोमीटर महागात पडले. करकर गेली ती गेलीच.

गंमत अशी की या साऱ्या व्यवस्थेचा राग धरावा असा मनुष्य आमच्या गाडीत नव्हता. यजमानांचे बालपण करवीर तालुक्यातल्या गोठ्यात गेलेले. खुरकुताने तोंडातून लाळ गाळणारी, चारा सोडलेली म्हैस त्यांनी पाहिलेली आहे. त्यामुळे चपला भिजल्याचे दुःख बाजूला ठेवून ते बाईंशी लसीकरणावर बोलत उभे राहिले, आणि बाईंनी त्यांना या शतकाच्या सुरुवातीची हकीकत ऐकवली: युरोपच्या बाजारासाठी गायींच्या पोटात ओळख पटवणारी यंत्रगोळी सोडण्याची पद्धत येथे सुरू झाली होती. तेव्हाच्या गायीचे ओळखपत्र तिच्या पोटात सुरक्षित होते, आणि आमचे गाडी सीमेपार नेण्याचे परवानगीपत्र त्या क्षणी कुठल्या पिशवीत होते हे दोघांनाही सांगता येत नव्हते.

कुकेचे कुंपण १९५८ सालचे. गायी त्याने वाचवल्या; पण १९८० च्या दशकातल्या दुष्काळात पाणी शोधत निघालेल्या वाइल्डबीस्टचे कळपच्या कळप अशा कुंपणांपाशी अडून मेले. नामिबियातली लाल रेषा तर याहून जुनी. १८९६-९७ मध्ये बुळकांडीची साथ आली, तेव्हा जर्मन सत्ताधाऱ्यांनी जनावरांसाठी रेषा आखली, आणि पुढे त्याच रेषेच्या दक्षिणेला गोऱ्या वसाहतीचा प्रदेश ठरला. बुळकांडीचे जगातून उच्चाटन झाल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले. रेषा अजून आहे, आणि उत्तरेकडच्या शेतकऱ्याला आपले जनावर सहजासहजी दक्षिणेच्या बाजारात नेता येत नाही. रोग गेला तरी चौकी उठत नाही, हे आपल्याला काही नवे नाही.

मामुनोची सीमा ओलांडून आम्ही नामिबियाच्या ओमाहेके भागात शिरलो. १९०४ साली वॉटरबर्गच्या लढाईनंतर जर्मन सैन्याने हेरेरो लोकांना याच नावाच्या वाळवंटात हाकलले, पाण्याच्या जागा अडवल्या आणि हजारो माणसे तहानेने मेली. जर्मनीने त्याला अधिकृतपणे वंशसंहार म्हणायला २०२१ साल उजाडले. वाचलेल्यांच्या गायी आणि जमिनी गेल्या. गोबाबिसच्या बाजारात पायघोळ झग्यातल्या हेरेरो बायका दिसल्या, त्यांच्या डोक्यावरच्या कापडी बांधणीला आजही गायीच्या शिंगांचा आकार असतो. त्यांच्याकडे टक लावून पाहणे बरे नव्हे, हे कळूनही मी पाहिले.

गोबाबिसच्या वेशीवर बैलाचा पुतळा आहे. बैल ब्राह्मण जातीचा, म्हणजे गीर, ओंगोल, कृष्णा खोऱ्यातली अशा भारतीय जनावरांपासून अमेरिकेत तयार झालेल्या जातीचा. एवढे कळल्यावर यजमानांना आवरणे अशक्य झाले. त्यांनी पुतळ्याच्या वशिंडाचे फोटो सर्व बाजूंनी काढले आणि पेट्रोल पंपावर काच पुसणाऱ्या तरुणाला, हा बैल मूळचा आमच्या नदीकाठचा, असे छाती काढून सांगितले. तो हेरेरो होता. त्याने हातातले काम थांबवून आदराने विचारले, “मग तुमच्याकडे गायी किती?”

“आता एकही नाही. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो.”

तरुणाने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले. “एकही नाही? मग यांच्या वडिलांनी मुलगी दिली कशी?”

माझ्या वडिलांनी पत्रिका पाहिली होती, गोठा पाहायचा राहून गेला, असे मी त्याला सांगितले. या उत्तराने त्याचे समाधान झालेले दिसले. यजमानांचे मात्र विंडहूक येईपर्यंत झाले नाही.